शाळाशाळांनी मिळून गणित-विज्ञानाचा अभ्यास करायचा, तर आधी काय उभारावं?

बाकीच्यांनाही संदर्भ लागावा म्हणून प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडते. भुदरगड आणि राधानगरी तालुक्यांतल्या अकरा शाळांचे गणित-विज्ञानाचे शिक्षक एकत्र आलेत. काही शाळा जिल्हा परिषदेच्या, काही अनुदानित हायस्कुलं. वर्ग पाचवी ते आठवी. कुणी साहित्यपेटी वापरून अपूर्णांक शिकवतंय, कुणी मोबाइलवर व्हिडिओ दाखवतंय, कुणी गटात बसवून उदाहरणं सोडवून घेतंय. पण नेमका कशाने फरक पडतो, हे एकमेकांना दाखवता येत नाही. शिरोली एमआयडीसीतले एक फौंड्रीवाले सीएसआरमधून मदत द्यायला तयार आहेत. तुम्ही विचारताय की सॉफ्टवेअर कोणतं घ्यावं, सगळ्यांची मिळून एक प्रयोगशाळा बांधावी का, आणि शिवाजी विद्यापीठाला बरोबर घ्यावं का.

तिन्हींची उत्तरं देते. पण माझ्या मते तुमची अडचण या तिन्हींच्या अलीकडची आहे. आज तुमच्या अकरा शाळांत अकरा प्रकारच्या घटक चाचण्या होतात. समजा एका सरांच्या वर्गाची सरासरी 14 आली आणि दुसऱ्या बाईंच्या वर्गाची 11. या दोन आकड्यांवरून काही म्हणजे काही बोलता येत नाही. पेपर वेगळे, तपासण्याची पद्धत वेगळी, आणि आदल्या दिवशी तसलीच उदाहरणं फळ्यावर सोडवून घेतली होती का, याची नोंद कुठेच नाही. पावसाळ्यात अख्खं कोल्हापूर विचारत असतं, पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फुटांवर? 39 फुटांना इशारा, 43 फुटांना धोका. जागा तीच आणि पट्टी तीच, म्हणून तर यंदाच्या पाण्याची 2019 च्या महापुराशी तुलना करता येते. प्रत्येक गावाने आपापल्या काठीने पाणी मोजलं असतं, तर नुसतेच वाद झाले असते.

तेव्हा पहिलं काम हे: प्रश्न थोडेच ठेवा, पण सगळीकडे तेच, ते एकाच पद्धतीने विचारा, आणि मुलांची उत्तरं जशीच्या तशी जपून ठेवा. या शेवटच्या भागावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण बहुतेक गट तिथेच घसरतात.

समजा सहावीला दोन प्रश्न दिले. 0.45 आणि 0.6 यांत मोठी संख्या कोणती? आणि 0.3 व 0.75 यांत मोठी कोणती? एक मुलगा लिहितो 0.45 आणि 0.75. तो दशांश चिन्हानंतरचा भाग साध्या पूर्ण संख्येसारखा वाचतोय. 45 मोठे की 6, 75 मोठे की 3, एवढंच बघतोय. एक मुलगी लिहिते 0.6 आणि 0.3. शतांशापेक्षा दशांश मोठा हे तिने ऐकलेलं आहे, म्हणून चिन्हानंतर अंक जितके कमी तितकी संख्या मोठी, असा तिने स्वतःपुरता नियम करून टाकलाय. दोघांनाही दोनपैकी एक गुण. गुणनोंद वहीत दोघं अगदी सारखी दिसतात, आणि डोक्यात मात्र एकमेकांच्या उलटे नियम बसलेत. मुलाला 0.45 मधला 4 हा चार दशांश आहे हे दिसायला हवं. मुलीला भागाच्या आकाराबरोबर भाग किती घेतले तेही बघायला हवं. आपल्याकडे या दोघांवर सरसकट एकच औषध असतं: शून्य लावून अंक सारखे करून घ्या. त्याने दोघांची उत्तरं बरोबर येतात आणि दोघांचे नियम आत तसेच राहतात.

वजाबाकीचंही तेच. 52 वजा 28 चं उत्तर एकाने 36 लिहिलं, एकीने 34. दोन्हींवर लाल फुली पडते आणि शिक्षक म्हणतात, हातच्याची चूक. पण 36 लिहिणाऱ्याने दशक सुटा केलेलाच नाही. प्रत्येक घरात मोठ्यातून लहान अंक वजा करून तो मोकळा झाला. 34 लिहिणारीने दशक सुटा केला, फक्त दशकाच्या घरातून कमी करायला विसरली. ती जवळपास पोचलेली आहे. वहीत "चूक" एवढंच नोंदवलं की ही माहिती कायमची गेली. पुढे कितीही चांगलं सॉफ्टवेअर आणलंत तरी ती परत मिळत नाही.

म्हणून नोंदीचा तक्ता साधा, पण काटेकोर ठेवा. एका ओळीत एका मुलाचं एका प्रश्नाचं उत्तर: शाळेचा कोड, इयत्ता, मुलाचा कोड, तारीख, प्रश्नाचा कोड आणि त्याने लिहिलेलं उत्तर. बरोबर की चूक हे नंतर ठरवता येतं. रिकामं सोडलं, तिथपर्यंत पोचलाच नाही आणि गैरहजर होता, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांना वेगळ्या खुणा द्या. तिन्हींच्या जागी शून्य भरलेले तक्ते मी इतके पाहिलेत की आता तक्ता उघडला की आधी शून्यंच शोधते.

हे करायला तुम्हाला साधी स्प्रेडशीट पुरते. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं माझं उत्तर इतकंच. परदेशात विद्यार्थ्यांची उत्तरं थेट साठवणारे मोठे मंच आहेत. अमेरिकेतल्या वूस्टर पॉलिटेक्निकमधून सुरू झालेला असिस्टमेंट्स हा त्यांतला एक. शिक्षक त्यावर गणिताचा गृहपाठ देतात आणि त्याच गृहपाठात संशोधक दोन प्रकारच्या सूचनांची तुलना करून घेतात. कल्पना उत्तम आहे. पण ती चालते, कारण तिथली मुलं गृहपाठच यंत्रावर करतात. तुमच्याकडे ज्या दिवशी प्रत्येक वर्गात पुरेसे टॅब आणि टिकणारी रेंज असेल त्या दिवशी बघा. तोवर छापील कागद, आणि प्रत्येक कागदाचा मोबाइलवर फोटो.

सामायिक मोजमापाची ताकद बघायची असेल तर भौतिकशास्त्रातलं एक उदाहरण मी नेहमी सांगते. 1992 मध्ये डेव्हिड हेस्टेनिस आणि सहकाऱ्यांनी बल आणि गती यांवरची बहुपर्यायी चाचणी प्रसिद्ध केली, फोर्स कन्सेप्ट इन्व्हेंटरी. सुमारे तीस प्रश्न, गणित जवळजवळ नाहीच. तिची खुबी चुकीच्या पर्यायांत आहे. विद्यार्थी खरोखर जी चुकीची कारणं देतात तीच पर्याय म्हणून ठेवलेली आहेत. मग वेगवेगळ्या ठिकाणचे शिक्षक तीच चाचणी सत्राच्या सुरुवातीला आणि शेवटी घेऊ लागले. 1998 मध्ये रिचर्ड हेक यांनी अशा 62 अभ्यासक्रमांतल्या 6,000 हून जास्त विद्यार्थ्यांची माहिती एकत्र मांडली. त्यांनी पाहिलं ते असं की, जेवढी सुधारणा शक्य होती त्यापैकी किती झाली? सुरुवातीला वर्गाला 40 टक्के आणि शेवटी 55 टक्के मिळाले, तर शक्य असलेल्या 60 पैकी 15 मिळवले, म्हणजे 0.25. नुसत्या व्याख्यानाच्या वर्गांची सरासरी 0.23 निघाली; विद्यार्थ्यांना बोलायला, अंदाज बांधायला, करून बघायला लावणाऱ्या वर्गांची 0.48. यासाठी ना इमारत लागली ना पोर्टल. अनेकांनी एकच चाचणी वापरली आणि आकडे पाठवले, एवढंच. एक खोट मात्र लक्षात ठेवा: ज्यांचे निकाल चांगले येतात ते आकडे हौसेने पाठवतात. तुमच्या गटात नियम असा करा की चाचणी घेतली की आकडे येणारच, निकाल कसाही लागो.

आपल्याकडे असं सामायिक साठवण नसलं की काय होतं ते 2019 च्या जूनमध्ये दिसलं. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात त्रेपन्नच्या जोडीला "पन्नास तीन" असं संख्यावाचन आलं आणि राज्यभर गदारोळ झाला. गणित विषय समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी मुलांना जोडाक्षरी संख्यानामं जड जातात अशी बाजू मांडली, समोरून भाषेचा अभिमान आला, विनोद आले. त्या सगळ्या चर्चेत दुसरीतल्या मुलांच्या उत्तरपत्रिका माझ्या तरी पाहण्यात आल्या नाहीत. जिल्ह्यातल्या वीसेक शाळांची अशी व्यवस्था तयार असती, तर दोन्ही पद्धतींनी शिकलेली मुलं ऐकलेली संख्या कशी लिहितात हे एका सत्रात कळलं असतं.

आता कुणी म्हणेल, सरकारी सर्वेक्षणं आहेत की. आहेत, आणि आपापल्या कामाला चांगली आहेत. नोव्हेंबर 2021 चं राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण तिसरी, पाचवी, आठवी आणि दहावीचं होतं. डिसेंबर 2024 चं परख सर्वेक्षण तिसरी, सहावी आणि नववीचं. त्यांतून जिल्ह्याचं चित्र कळतं. सोमवारी सातवी 'ब' मध्ये काय करायचं हे कळत नाही, आणि त्यासाठी ती केलेलीही नाहीत. 'असर' या ग्रामीण भागातल्या शिक्षण-सर्वेक्षणाकडून मात्र एक गोष्ट उचला. 2005 पासून ते मुलांना घरी भेटून, एकेकाला समोर बसवून, दोन अंकी वजाबाकी आणि तीन अंकी भागिले एक अंकी भागाकार विचारत आलेत. साधन मुद्दाम साधं ठेवलं आणि फारसं बदललं नाही, म्हणून वर्षांची वर्षांशी तुलना होते.

तुम्हीही दहाएक प्रश्न कायमचे ठरवा. ते वर्गात सोडवून घ्यायचे नाहीत, व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायचे नाहीत, पेपर त्याच दिवशी परत गोळा करायचे. बाकीचे प्रश्न दरवर्षी बदला. यंदाचा पेपर गेल्या वर्षीपेक्षा सोपा होता का, हे त्या दहांवरून ताडता येईल. चाचणी घ्यायची कशी, हेही एका पानावर लिहून काढा: वेळ किती, कच्चं काम कुठे करायचं, शंका विचारली तर काय सांगायचं. दशांशांच्या प्रश्नांत शिक्षकाने आकडे मोठ्याने वाचायचे नाहीत. कुणी "शून्य पूर्णांक पंचेचाळीस" वाचतं, कुणी "चार पाच" वाचतं, आणि तेवढ्याने मुलांची उत्तरं हलतात.

तुमच्या काही हायस्कुलांत सेमी-इंग्रजी असणार. मराठीत सोपा असलेला प्रश्न इंग्रजीत तितकाच सोपा असतो असं धरू नका. माध्यमाची नोंद ठेवा, आणि निदान पहिल्या वर्षी दोन्हींची बेरीज करू नका. उद्या शिरोळ किंवा कागलकडच्या शाळा जोडल्या, तर ऊसतोडीच्या हंगामात आलेली मुलं पटावर दिसतील. ती ऑगस्टच्या चाचणीला नव्हती आणि मार्चच्या आत निघूनही जातील. त्यांना सरासरीत घेतलं तरी आकडा फसवा होतो आणि वगळलं तरी होतो. वेगळी नोंद हाच मार्ग.

माहिती कोण बघणार, हा विषय बैठकीत शेवटच्या पाच मिनिटांत उरकू नका. 2023 चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा 18 वर्षांखालच्या प्रत्येकाला मूल धरतो आणि त्यांच्या माहितीसाठी पालकांच्या पडताळता येईल अशा संमतीची अपेक्षा ठेवतो. शाळेबाहेर जाणाऱ्या तक्त्यात नाव, आधार, सरलचा (राज्याच्या विद्यार्थी-नोंद प्रणालीचा) क्रमांक काही नको. तुमचा स्वतःचा कोड द्या. कोडाची आणि नावाची यादी मुख्याध्यापकांच्या कपाटातच राहू दे. सातवीनंतर जिल्हा परिषदेच्या शाळेतलं मूल हायस्कूलला जातं तेव्हा कोडही बरोबर जायला हवा. पाचवीतली चूक आठवीत टिकली का, हे बघण्याची सोय तुमच्याकडे आहे, कारण तुमच्या गटात दोन्ही प्रकारच्या शाळा आहेत. ही संधी फार गटांना मिळत नाही. आणि डोंगराकडच्या शाळेत वर्गात सहाच मुलं असली, तर नाव न लिहिताही कोण ते गावाला कळतं; दहाच्या आतल्या गटाचे आकडे बाहेर दाखवू नका.

पालकांइतकंच शिक्षकांचं संरक्षण महत्त्वाचं आहे. हे तक्ते शाळांची क्रमवारी लावायला वापरले जाणार अशी नुसती कुजबुज झाली, तरी पुढच्या चाचणीत उत्तरं फळ्यावर येतील. आणि त्या शिक्षकाला मी दोष देणार नाही. म्हणून लेखी ठरवा: शिक्षकाला स्वतःच्या वर्गाचं सगळं दिसेल, गटाला कोड घातलेलं दिसेल, आणि कार्यालयात फक्त सगळ्या शाळांचा एकत्रित आकडा जाईल. परवानगी कुणाची लागेल ते शाळेवर अवलंबून आहे. जिल्हा परिषदेच्या शाळांसाठी प्राथमिकचे शिक्षणाधिकारी, हायस्कुलांसाठी माध्यमिकचे, शिवाय अनुदानित असेल तर संस्था. गटशिक्षणाधिकारी आणि जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था, म्हणजे डाएट, यांना आधीच विश्वासात घेतलंत तर तुमच्या केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या समूहाच्या, शिक्षण परिषदेतला थोडा वेळ तुम्हाला मिळू शकतो. वेगळ्या बैठका लावण्यापेक्षा ते टिकतं.

प्रयोगशाळा. मी खोली बांधणार नाही. गारगोटीला सुंदर प्रयोगशाळा झाली तरी दाजीपूरच्या बाजूची मुलं तिथे वर्षातून किती वेळा येणार? फिरत्या पेट्या करा: तानकाटे (स्प्रिंगचे काटे), मल्टिमीटर, भिंगं, एक-दोन साधे सूक्ष्मदर्शक. पेटी फिरून आली की सगळ्या तानकाट्यांना एकच 100 ग्रॅमचं वजन लावून बघा, नाहीतर शाळांमधला फरक मुलांचा नसून स्प्रिंगचा निघायचा. खरी अडचण सामानाची नसतेच, डेडस्टॉक रजिस्टरची, म्हणजे शाळेच्या वस्तूंच्या नोंदवहीची असते. फुटलं तर भरून कोण देणार, या धास्तीने आपल्या कितीतरी शाळांत साहित्य कुलपात नवंकोरं राहतं. पेट्या गटाच्या नावावर ठेवा, दरवर्षी काही टक्के मोडतोड धरूनच चाला, आणि निर्लेखन, म्हणजे मोडलेली वस्तू नोंदीतून कमी करणं, कोण करणार ते आधी ठरवा.

विद्यापीठाला जरूर बरोबर घ्या, पण मागणी नेमकी करा. शिवाजी विद्यापीठात संख्याशास्त्राचा विभाग आहे, शिक्षणशास्त्राचाही. एम.एड. करणारे दरवर्षी संपादन चाचण्या तयार करतात, मुलांकडून सोडवून घेतात, प्रबंध बांधून होतो आणि उत्तरपत्रिका रद्दीत जातात. पुढचा विद्यार्थी पुन्हा शून्यापासून सुरू करतो. शोधगंगा या ऑनलाइन साठ्यावर पीएच.डी.चे प्रबंध वाचायला मिळतात, पण त्यांत सरासऱ्यांचे तक्ते असतात. मुलांनी काय लिहिलं होतं ते नसतं. तुम्ही सांगा: आमचे प्रश्न वापरा, आमच्या शाळांत या, अट एवढीच की कोड घातलेली मूळ उत्तरं आमच्या साठ्यात जमा करायची. लेखी उत्तरांचं वर्गीकरण करायलाही त्यांची मदत घ्या. तीसेक पेपर दोघांनी एकमेकांना न विचारता तपासायचे आणि मग किती ठिकाणी जुळतं ते बघायचं. फार जुळत नसेल तर दोष बहुधा वर्गीकरणाच्या सूचनांत असतो.

संख्याशास्त्रवाल्यांना एक गोष्ट पहिल्याच भेटीत विचारा. तुमच्याकडे मुलं शेकड्यांनी असतील, पण एका वर्गातली मुलं एकाच शिक्षकाकडून शिकतात. तुलना खरी वर्गांची असते. अकरा शाळांतून लहानसा फरक सिद्ध होणार नाही, हे आत्ताच मान्य करून टाका. साहित्यपेटीचा परिणाम बघायचा असेल तर चिठ्ठ्या टाका: निम्म्या शाळांना पेटी पहिल्या सत्रात, उरलेल्यांना दुसऱ्या. कुणी वंचित राहत नाही आणि तुलनाही होते. सगळ्यांत कमी गुणांची मुलं निवडून त्यांच्यावर उपाय करायचा आणि पुढच्या चाचणीत गुण वाढले म्हणून खूश व्हायचं, हे मात्र करू नका. तळाच्या मुलांतली काही जण त्या दिवशी आजारी असतात किंवा नुसतीच चुकलेली असतात. काहीही न करता त्यांचे गुण पुढच्या वेळी थोडे वर येतातच.

राहिला पैसा. देणगीदाराला खोली हवी असते, कारण खोलीला फीत आणि कोनशिला लागते. फौंड्रीवाल्यांशी मात्र बोलणं सोपं जाईल असं मला वाटतं. कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, रिजेक्ट झालं की नुसतं "रिजेक्ट" लिहून त्यांचं भागत नाही. ब्लो होल (वायूने पडलेलं भोक) आहे की श्रिंकेज (थंड होताना आकसल्याचा दोष), कुठल्या हीटचं, म्हणजे वितळवलेल्या धातूच्या कुठल्या घाण्याचं, कुठल्या दिवशीचं, हे त्यांच्याकडे नोंदलं जातं. तुम्ही मुलांच्या उत्तरांची तीच नोंद मागताय. खर्च कुठे, तर छपाईला, पेट्यांना, आणि सगळ्यांत जास्त माणसाला: आठवड्यातले दोन-तीन दिवस उत्तरं भरणारी, तपासणारी, शाळांना फोन करणारी एक व्यक्ती, निदान तीन वर्षं. हे शिक्षकांवर टाकलंत तर पहिली निवडणूक ड्युटी लागताच सगळं थांबेल. आणि साठ्याची एक प्रत नदीकाठापासून दूर ठेवा, एक क्लाउडवर. 2019 च्या ऑगस्टमध्ये आणि 2021 च्या जुलैमध्ये पूरपट्ट्यातल्या शाळांची दप्तरं भिजली. आपल्याकडे ही नुसती शंका राहिलेली नाही.

सुरुवात लहान करा. या सत्रात फक्त सहावी, फक्त दशांश अपूर्णांक, चार शाळा. आठ प्रश्न, एक तास. दिवाळीच्या सुट्टीआधी चौघांनी एका टेबलावर बसून उत्तरं वाचा, गुण न देता. विज्ञान आणि बाकीच्या सात शाळा त्यानंतर. प्रश्नांचा मसुदा तयार झाला की इथेच टाका. चुकीचे पर्याय खऱ्या वह्यांतून घेतलेत की टेबलावर बसून सुचलेत, हे मी आधी बघेन.